नदीच्या अलीकडच्या आडे मॅडम

आडे मॅडम दरवर्षी जूनमध्ये बसस्टँडवर भांडायला जायच्या. हे मी गमतीनं म्हणत नाही. दहावीचा निकाल लागला, मार्कलिस्टा हातात पडल्या, की सकाळच्या नांदेडच्या गाडीला गावातली हुशार पोरं निघायची. पत्र्याची पेटी, सुतळीनं बांधलेली वळकटी, चिवड्याचा डबा आणि सोबत इस्त्रीचा सदरा घातलेला बाप. मॅडम पदर कमरेला खोचून गाडीच्या दारात उभ्या राहायच्या आणि त्या बापाला विचारायच्या, "कुठं घेऊन चालले पोराले?"

मी तेव्हा गावात नवीन होते. यवतमाळच्या वकील-कारकुनांच्या घरात वाढलेली. आमच्याकडे चारचौघांत आवाज चढवणाऱ्या बाईबद्दल नंतर आठवडाभर बोललं जायचं. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आले होते, आणि भावानं कंडक्टरजवळ दिलेलं पार्सल घ्यायला स्टँडवर गेले होते. गाव ढाणकीच्या पुढं, पैनगंगेच्या जवळ. त्याचं नाव सांगत नाही, आमच्या संस्थेचंही नाही. तशी गावं आणि तशा संस्था इतक्या आहेत, की एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या सुटतील.

त्या दिवशी मॅडमसमोर पांडुरंगभाऊ उभे होते. गावात त्यांची पिठाची गिरणी. त्यांचा गजानन दहावीला शाळेत पहिला आलेला.

"लातूरले नेतो," पांडुरंगभाऊ म्हणाले. "क्लास लावून देतो. डॉक्टर करतो त्याले."

"डॉक्टर करायचा आहे म्हनूनच थांबा म्हन्ते, भाऊ. बारावी जिथून पास होईन, तिथला तो धरला जाते. डॉक्टरकीच्या बहुतेक जागा त्या-त्या विभागाच्या पोरायसाठी राखून ठेवलेल्या असतात. विदर्भाची यादी वेगळी, मराठवाड्याची वेगळी. आज ही गाडी पैनगंगा वलांडन आन् तुमचं पोरगं मराठवाड्याचं होऊन जाईन. तिकडे जागा कमी, पोरं जास्त. तेवढ्याच मार्कावर इकडे नंबर लागते, तिकडे लागत नाही."

पांडुरंगभाऊंनी नीट ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुमच्या कॉलेजात बायोलॉजी कोन शिकवते?"

कंडक्टरनं घंटी मारली, पांडुरंगभाऊ पोराला घेऊन चढले, गाडी निघून गेली. धुरळ्यात उभ्या राहिलेल्या मॅडमनी इकडे-तिकडे पाहिलं. जवळ मीच होते. ओळख ना पाळख, पण त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो बरोबर बोलला. मी पन बरोबरच बोलली. आता सांगा, थोबाडीत कोनाच्या मारू?"

आमची ओळख झाली ती अशी.

कमल आडे. विषय फिजिक्स. गावापासून थोड्या अंतरावरच्या तांड्यात जन्म. आजोबांच्या काळापर्यंत त्यांचे लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत, वडलांपासून शेती. तांड्यातून एम.एस्सी. झालेल्या त्या पहिल्याच. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, अतिशय शांत माणूस. घरातला सगळा आवाज आपल्या वाट्याला आला आहे, हे त्या स्वतःच सांगायच्या.

अंबाड्यात खडूचा तुकडा खोचलेला असायचा. शिकवता शिकवता हातातला खडू संपला की हात आपसूक मागं जायचा. स्टाफरूममध्ये त्या कधी बसल्या नाहीत. डबा उभ्यानं खायच्या, भाकरीवर ठेचा ठेवून, गुंडाळी करून, खिडकीतून मैदानावर नजर ठेवत. कोण पोरगं तासाला बाहेर आहे, कोणत्या पोरीला कोण अडवून उभं आहे, हे तोंडात घास असताना त्या ओरडून विचारायच्या. मुलांशी वऱ्हाडीत बोलत, प्राचार्यांशी पुस्तकी मराठीत, आणि रागात तांड्यातल्या गोरबोलीवर आल्या की आम्ही सगळे गप्प बसायचो.

त्यांच्यासमोर 'नशीब' हा शब्द उच्चारायची बंदी होती. एका पोराचं प्रॅक्टिकल बुडालं, तो म्हणाला, "नशिबात नव्हतं, मॅडम." मॅडमनी त्याला समोर उभं केलं. "नशीब राहू दे. सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग." तो सांगत गेला. त्याच्या तांड्यावर सकाळची एसटी येते ती परीक्षेच्या वेळेनंतर. म्हणून तो चालत निघाला. वाटेत नाल्याला पाणी. मॅडम म्हणाल्या, "याच्यात नशीब कुठं आलं? एसटी आली." दुसऱ्या दिवशी त्या डेपोत गेल्या. डेपोतल्या साहेबाला त्यांनी काय ऐकवलं ते आम्हाला कळलं नाही, पण त्या तांड्याची गाडी पुढं लवकर सुटू लागली. त्या पोराचं प्रॅक्टिकलही त्यांनी परत घ्यायला लावलं.

कापसाची ती फार वाईट वर्षं होती. बोंडअळी तरी येई, नाहीतर भाव पडे. कधी दोन्ही एकाच हंगामात. पारावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत लोक एकच वाक्य बोलत: पोरानं वावरात पाय ठेवू नये. डॉक्टर व्हावं, इंजिनियर व्हावं, काहीही व्हावं. वावरातून बाहेर पडायचा एकच दरवाजा लोकांना दिसत होता, तो बारावी सायन्सचा. आमच्या संस्थेच्या फाटकावर तो दरवाजा रंगवलेला होता, 'कला व विज्ञान'. आत विज्ञानाला बायोलॉजीचा शिक्षक नव्हता.

म्हणजे होता. कागदावर होता, पगार घेत होता. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांचा तो भाचा. त्याचं गावात कृषी केंद्र होतं, तो दिवसभर तिथं बसायचा. बी कसं रुजतं हे ज्यानं वर्गात शिकवायचं, तो दुकानात बी विकत होता. आणि त्या वर्षी त्याच्याकडचं सरकीचं बी कितीतरी वावरांत उगवलंच नाही. एकाच माणसानं बापाचं वावरही बुडवलं आणि पोराचा वर्गही, आणि गावात लोक त्याला 'सर' म्हणायचे.

बसस्टँडवरच्या त्या सकाळनंतर मॅडम थेट भाऊसाहेबांच्या घरी गेल्या. मला सोबत नेलं. "तुम्ही नुसत्या बसा. साक्षीला माणूस पाहिजे." भाऊसाहेब झोपाळ्यावर होते. गोड माणूस. आमच्यासाठी चहा मागवला.

"भाऊसाहेब, बायोलॉजीला माणूस द्या," मॅडम म्हणाल्या. "पोरं नदीपलीकडं चालली."

"जाऊ द्या ना, मॅडम. ज्याला पंख आहेत तो उडणारच."

"उडून पडतात ते. यादी बदलते त्यांची. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच गावाला सांगा. सभा घ्या. आणि शिक्षक द्या, म्हणजे कोणी जाणारच नाही."

भाऊसाहेब हसले. "मॅडम, तुमचं फिजिक्स फार छान चाललंय असं ऐकतो. तेवढं पाहा."

चहाला हात न लावता मॅडम उठल्या. रस्त्यात मला म्हणाल्या, "त्यायले यादीचं माहीत होतं. पाह्यलं का तुमी? एकदाबी विचारलं नाही की कोनती यादी." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात त्यांनी बायोलॉजी शिकायला घेतलं. वयाची चाळिशी जवळ आलेली, घरी दोन मुलं. उमरखेडला एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्याकडे दर रविवारी जायच्या आणि येताना एसटीत पुस्तक उघडून बसायच्या. आठवडाभर तेच वर्गात शिकवायच्या, आपले फिजिक्सचे तास संपल्यावर. वर्गात मोजकी पोरं. त्यात तांड्यातली अनिता. अनिताही दहावीनंतर नांदेडला मावशीकडे जाणार होती. तिला मात्र मॅडमनी तांड्यावर जाऊन, तिच्या याडीसमोर बसून थांबवलं होतं. "पोरगी माझ्यावर सोड. मी शिकवते," असा शब्द आईला दिला होता.

शिकवायच्या कशा? फूल कापून दाखवायला बांधावरचा धोतरा आणायच्या, जास्वंद आणायच्या. पेशी शिकवताना गिरणीतल्या पिठाची उदाहरणं द्यायच्या. झुरळ मात्र त्यांना चालायचं नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही साहेबाला न भिणारी ही बाई झुरळाला भ्यायची. झुरळ कापायच्या दिवशी त्या स्टुलावर चढून उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडून सूचना देऊ लागल्या. अनितानं खाली शांतपणे झुरळ टाचण्यांनी पसरवलं. पोरं इतकी हसली, की शेवटी मॅडमही स्टुलावर बसून हसल्या. त्यांना तसं पोटभर हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दिवाळीत गजानन लातूरहून घरी आला, आणि पांडुरंगभाऊ गिरणीतल्या पिठानं पांढरे झालेले तसेच कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले.

"मॅडम, भाऊसाहेबाचा सौरभ कोन्या कॉलेजात आहे?"

"आपल्याच. अकरावी सायन्स."

"मग माझ्या गजाननाच्या बाजूच्या बाकावर लातूरले रोज कोन बसते?"

प्राचार्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

"माझं पोरगं नदीपल्याड गेलं तं मराठवाड्याचं," पांडुरंगभाऊ म्हणाले, "आन् भाऊसाहेबाचं पोरगं त्याच क्लासात बसून विदर्भाचं? हे कसं काय, मॅडम? नदी माणूस पाहून वाहते का?"

तेव्हा सगळं उघडं पडलं. सौरभचं नाव आमच्याकडे, पोरगं लातूरला. शिकवणी तिकडची, यादी इकडची. नियम भाऊसाहेबांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला ठाऊक होता. त्यांनी तो गावाला सांगितला नाही, कारण गावाला कळला असता तर गाव इथंच थांबलं असतं, आणि थांबलेल्या गावानं शिक्षक मागितला असता.

पांडुरंगभाऊ म्हणाले, "मग माझ्याबी पोराचं नाव इथं लावा."

मॅडम त्यांना घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सर, हे खोटं आहे, मला मान्य आहे. पण खोटं करायचंच असेल तर सगळ्या पोरांसाठी करा. नाहीतर कोणासाठीच करू नका."

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, प्रवेश केव्हाच बंद झाले. नियमात बसत नाही."

'नियमात बसत नाही' हे शब्द मी पुढंही नोकरीत अनेकदा ऐकले. पण त्या दिवशी ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की नियम काही लोकांना बसवण्यासाठी असतात आणि बाकीच्यांना उठवण्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम हजेरी घेताना सौरभच्या नावाशी थांबू लागल्या. गैरहजर पोरं पुष्कळ असत, म्हणून आधी इतरांसारखंच ते नाव पटकन उरकलं जायचं. आता त्या मोठ्यानं पुकारायच्या, "सौरभ!" आणि वाट पाहायच्या. पुन्हा, "सौरभ!" शेजारच्या वर्गात माझी पोरं मराठीची कविता म्हणता म्हणता थांबायची. मग मॅडम स्पष्ट आवाजात म्हणायच्या, "गैरहजर." रोज. अकरावी संपली, बारावी आली, तरी रोज. प्राचार्यांनी समजावलं, मग दम दिला. वर्षअखेरीला हजेरी वरच्या वर दुरुस्त झाली ती झालीच. मॅडमना विचारलं कोणी? पण गावातलं शेंबडं पोरही तोवर खेळताना ओरडायचं, "सौरभ! गैरहजर!"

बारावी झाली, सीईटी झाली, याद्या लागल्या.

गजाननचे मार्क सौरभपेक्षा जास्त होते. दोघांचा प्रवर्ग एक, दोघांनी क्लास एकच केला, बाकही शेजारचा. सौरभचं नाव विदर्भाच्या यादीत लागलं. गजाननचं मराठवाड्याच्या यादीत लागलं नाही.

आणि अनिताचंही लागलं नाही. फिजिक्समध्ये ती आमच्या कॉलेजात आजवर कोणाला पडले नव्हते इतके मार्क घेऊन आली. बायोलॉजीनं तिला खाली ओढलं. प्राण्यांचा भाग कच्चा राहिला होता, आनुवंशिकतेची गणितं मॅडमनी एका पद्धतीनं शिकवली होती आणि परीक्षेत ती दुसऱ्या पद्धतीनं आली. थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकणं हे जास्त वाईट असतं.

अनिताची याडी कॉलेजात आली तेव्हा मी तिथं होते. हातभर बलोती बांगड्या, कपाळावर गोंदण, पायात वावरातली माती. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. ती गोरबोलीत एकच वाक्य बोलली आणि निघून गेली. मला अर्थ लागला नाही. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू थांब म्हणाली म्हणून ती थांबली, असं म्हणाली."

"तुम्ही तर किती केलंत," मी म्हणाले.

"गप्प बस," मॅडम म्हणाल्या. तोवर त्या मला अगं-तुगं करू लागल्या होत्या. "जे मला येत नव्हतं ते येते म्हणून मी शब्द दिला. तांड्यातल्या बाईनं विश्वास ठेवला. भाऊसाहेबानं गावाले फसवलं ते लबाडीनं. मी माझ्या पोरीले फसवलं ते हौसेनं. तिच्यासाठी फरक काय?"

पुढचे काही दिवस त्या कोणावरही ओरडल्या नाहीत. खिडकीत उभ्या राहायच्या, पण मैदानाकडे बघायच्या नाहीत. आम्हाला त्यांच्या रागाची इतकी सवय झाली होती, की ती शांतता सहन होईना.

मग सत्काराची कनात लागली. शाळेच्या मैदानावर मोठा फलक: 'ग्रामीण भागातील गुणवंताचा गौरव. आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याची वैद्यकीय शिक्षणासाठी निवड.' फलकावर सौरभचा फोटो आणि त्याच्या दुप्पट मोठा भाऊसाहेबांचा. सारा गाव जमला होता. पांडुरंगभाऊही मागच्या रांगेत होते. विषय-शिक्षकांनी विद्यार्थ्याला पुष्पगुच्छ द्यायचा, अशी पद्धत. आडे मॅडमचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या मंचावर चढल्या.

पुष्पगुच्छ दिला. सौरभ वाकून पाया पडला. बरं पोरगं होतं ते. मॅडमनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माइक ओढून घेतला.

"बाळ, एक सांग मले. आपल्या कॉलेजात तहान लागली की पोरं पानी कुठं पितात?"

सौरभ बघतच राहिला. कनातीतली पोरं खुसखुसली, कारण हे प्रत्येकाला माहीत होतं. शाळा-कॉलेजची एकच पाण्याची टाकी कित्येक वर्षं फुटकी होती, आणि सौरभची शाळाही बाहेरगावी झाली होती.

"मॅडम, हा सत्काराचा कार्यक्रम आहे," भाऊसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले.

"सत्कारच करून राह्यली, भाऊसाहेब. दोन वर्षं आपल्या कॉलेजात शिकला ना तो? मग दोन वर्षं तहान तं लागली असन. सांग, बाळ."

सौरभनं बापाकडे पाहिलं, मग खाली. "मले माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. माइक जवळ होता, सगळ्यांनी ऐकलं.

पोरांचं हसणं थांबलं. मागच्या रांगेतून पांडुरंगभाऊ उभे राहिले. "मारुतीच्या देवळापाशी हापशी आहे, तिथं पितात," ते म्हणाले. "माझा गजानन दहावीपर्यंत तिथंच प्यायला."

"ऐकलं?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, हे मला ठळक आठवतं. "सौरभ, तुझा गुन्हा नाही. तू अभ्यास केला. पन नियम तुझ्या बापाले माहीत होता, आन् त्यायनं गावाले सांगितला नाही. शिक्षकाचा पगार तुझ्या घरात गेला, आन् शिक्षक वर्गात आला नाही. गजाननले तुझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत. तो तिकडं बसला आहे बघ, गिरणीवाल्याच्या बाजूले. माझी अनिता तं आलीच नाही. तू डॉक्टर झाला की एवढं लक्षात..."

तिथं माइक बंद झाला. कोणीतरी वायर ओढली होती. मॅडम पुढंही बोलत राहिल्या, पण मागं काही ऐकू गेलं नाही. पांडुरंगभाऊंनी गजाननचा हात धरला आणि ते चालू लागले. त्यांच्यामागं एक-एक करत माणसं उठली. पेढ्यांची ताटं तशीच राहिली.

बदलीचा आदेश आठवड्याच्या आत आला. संस्थेची जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वणीच्या बाजूला एक शाळा होती, कोळशाच्या खाणींजवळ. तिथं त्यांना आठवी-नववीचं विज्ञान शिकवायला पाठवलं. कारण लिहिलं होतं, 'शैक्षणिक सोय'. नवरा आणि मुलं इथंच राहिली, कितीतरी वर्षं.

जाण्याआधी त्यांनी एक काम उरकलं. अनिता आता इथून बारावी पास झाली होती. तिचा विभाग आता कोणी बदलू शकत नव्हतं. म्हणून मॅडम स्वतः तिला नांदेडला घेऊन गेल्या, मावशीकडे ठेवलं, क्लास लावून दिला, क्लासच्या सरांना सांगितलं, "प्राण्यांचा भाग पहिल्यापासून शिकवा, मी शिकवलेलं विसरायला लावा." पुढच्या वर्षी अनिताचा विदर्भातल्या सरकारी मेडिकलला नंबर लागला. आज ती आदिवासी भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे. लोक ही गोष्ट आनंदानं सांगतात. पण अनिता नांदेडला गेली त्या वर्षी तिच्या धाकट्या भावानं शाळा सोडली, कारण वावरात तिच्या वाटचं काम करायला कोणीतरी हवं होतं. तो अजून तिथंच आहे. तोही गणितात हुशार होता. त्याचं नाव कोणत्याच यादीत आलं नाही, म्हणून त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

गजाननला बापानं पुन्हा परीक्षेला बसवलं नाही. तो फार्मसी करून औषधांच्या कंपनीत लागला. सौरभ मात्र डॉक्टर झाला आणि गावात कधी परतला नाही. बायोलॉजीला खरा शिक्षक आला तो त्या सत्काराच्या पुढच्या वर्षी, गावकऱ्यांनी कॉलेजला कुलूप लावल्यावर. तेव्हा मॅडम तिथं नव्हत्या. नव्या शिक्षकाच्या स्वागताला भाऊसाहेबांनी भाषण केलं. मी त्या भाषणाला गेले नाही. माझ्याच्यानं तेवढंच झालं.

खूप वर्षांनी वणीला एका नातेवाइकाचं लग्न होतं. मॅडमच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मी विचारत विचारत त्यांच्या शाळेत गेले. रस्त्यानं कोळशाचे ट्रक, झाडांच्या पानांवर काळी भुकटी, शाळेच्या भिंतीही काळसर. त्याच सुमारास वैद्यकीय प्रवेशातली ती विभागाची अट सरकारनं काढून टाकली होती. मला वाटलं, ही बातमी आपणच त्यांना द्यावी. बरं वाटेल.

मॅडम ओट्यावर एका बंद दारासमोर उकिडव्या बसल्या होत्या. केस पांढरे, चष्म्याला दोरी. भोवती आठवी-नववीच्या मुलींचा घोळका. हातात मोठा दगड घेऊन त्या दाराच्या कुलपावर घाव घालत होत्या.

"मॅडम!" मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून पाहिलं. ओळखलं लगेच. पण दगड खाली ठेवला नाही.

"लॅब आहे ही," त्या म्हणाल्या. "सामान येऊन पडलं आहे आत, खोक्यात. लिपिक किल्ली देत नाही. म्हन्ते, सामान फुटलं तं कोन भरन."

"मॅडम, ती विभागाची अट गेली. ऐकलं का? आता विदर्भ-मराठवाडा काही नाही. सगळ्यांची यादी एकच."

"ऐकलं," मॅडम म्हणाल्या, आणि कुलपावर दगड घातला. "एकच यादी. लातूरचं पोरगं आन् ही पोरगी एकाच यादीत. त्याले सात मास्तर, हिले कुलूप." पुन्हा घाव. "लोकायनं मले फोन केले, मॅडम, तुमी जिंकल्या. जिंकली! आधी यादी तरी होती. आता यादीबी गेली आन् मास्तरबी आला नाही." पुन्हा घाव. कडी वाकली, पण कुलूप तुटलं नाही. मुली मागं सरकल्या. त्यांतल्या एकीनं घाबरून फाटकाकडे पाहिलं, लिपिक येतो का म्हणून.

मॅडमना धाप लागली होती. कपाळावर कोळशाची काळी रेघ उमटली होती. त्या माझ्याकडे बघून तशाच ओरडल्या, जशा मी पंचवीस वर्षांची असताना माझ्यावर ओरडायच्या.

"बघत काय उभी राह्यली? घट्ट धर ती कडी!"

मी पर्स ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कडी धरली.